सत्तावीस नंबरचं उत्तर

समजा, तुम्ही एका घराची कडी वाजवलीत. आतून ताबडतोब "ओ" आली. तुम्ही म्हणालात, "दार उघडा." पुन्हा "ओ" आली, पण दार काही उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलात, तिसऱ्या दिवशी गेलात, तरी तेच. हाकेला ओ मिळते आणि दार बंदच. आता सांगा, आत काय झालं असेल?

हेच कोडं नव्या लोणारच्या बासष्ट माणसांपुढे नऊ दिवस पडलं होतं. त्याचं उत्तरही त्यांनी काढलं होतं. आतली माणसं मेली, असं ते उत्तर होतं. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

नवं लोणार हे मंगळावरच्या एका मोठ्या खळग्यात वसवलेलं गाव. गाव म्हणजे काय, तर जमिनीखाली खोदलेले बोगदे, बोगद्यांतल्या खोल्या, एक शेवाळघर, पाण्याची एक टाकी आणि सगळ्यांना पुरून उरेल एवढी लाल धूळ. तिथून सहाशे किलोमीटर उत्तरेला 'उत्तर ठाणं' नावाची चौकी होती. धुळीची वादळं आधी तिथे दिसत आणि दोन दिवसांनी गावावर येऊन आदळत. म्हणून चार माणसं आळीपाळीने तिथे राहून आभाळावर नजर ठेवत. या खेपेच्या चौघांमध्ये शलाकाचे बाबा होते, प्रसन्न हिरवे.

शलाका अकरा वर्षांची होती, म्हणजे पृथ्वीच्या वर्षांनी. मंगळाचं एक वर्ष पृथ्वीच्या जवळजवळ दोन वर्षांएवढं असतं, त्यामुळे मंगळाच्या हिशेबाने तिला सहा वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. हे कुणी बोलून दाखवलं की तिचं नाक फुगायचं. त्या दिवशी मात्र कुणी काही म्हणालं असतं तरी तिला ऐकू गेलं नसतं.

सकाळी टाकीच्या दालनात सभा भरली. सगळी माणसं एका वेळी मावतील अशी दुसरी जागाच गावात नव्हती. टिपणीसबाई उभ्या राहिल्या. त्या गावच्या प्रमुख. बाई कडक होत्या, पण खोटी आशा लावणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मी गोल गोल बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "गोरख, पुन्हा एकदा पिंग करा. सगळ्यांना दिसू दे."

पिंग म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला मारलेली हाक. "आहेस का?" एवढंच विचारायचं. समोरचं यंत्र चालू असेल तर ते आपण होऊन "आहे" म्हणतं. त्यासाठी तिथे माणूस जागेवर असावा लागत नाही.

गोरखकाकांनी कळ दाबली. गोरखकाका मूळचे पाण्याच्या नळांचे कारागीर. गावाच्या नेटवर्कचं (यंत्रायंत्रांना जोडणाऱ्या जाळ्याचं) काम वर्षभरापूर्वी त्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि ते बिचारे वेळ मारून नेत होते. भिंतीवरच्या पडद्यावर ओळ उमटली: *यंत्र क्रमांक २७, उत्तर ठाणं. उत्तर मिळालं. ०.३ मिलिसेकंद.* शेजारी हिरवा दिवा लागला.

"पाहिलंत?" टिपणीसबाई म्हणाल्या. "यंत्र उत्तर देतंय. म्हणजे तिथे वीज आहे, वाटेतले बाराही मनोरे धड आहेत, यंत्रही धड आहे. आपण नऊ दिवसांत शंभर निरोप पाठवले. चौघांपैकी एक जण जरी शुद्धीवर असता, तरी त्याने एक अक्षर कळवलं असतं. बहुतेक हवेच्या यंत्रणेत बिघाड झाला असावा. झोपेतच गेले असतील."

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "पृथ्वीवर कळवलंत का?"

"कसं कळवणार? सूर्य आडवा आलाय."

हेही खरंच होतं. पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती आपापल्या वेगाने फिरतात. साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा असं होतं, की पृथ्वी सूर्याच्या पलीकडे आणि मंगळ अलीकडे. मग मधल्या सूर्याच्या गोंगाटात दोन आठवडे कुणाचा निरोप कुणाला पोचत नाही. त्या पंधरवड्यात गावाला गावाचाच आधार.

"जाऊन बघा की!" शलाकाची आई उभी राहून म्हणाली.

टिपणीसबाईंनी चष्मा काढला. "शरयू, गाडी एकच आहे. उत्तर ठाण्याला जायला सहा दिवस, यायला सहा. ती आली की मग खाणीतून बर्फ आणायला आठ. झाले वीस. आपल्या टाकीत पाणी आहे वीस दिवसांचं. वाटेत एक दिवस वादळ लागलं, तर बासष्ट माणसं तहानेने मरतील. जिवंत माणसांसाठी मी हे केलं असतं. गेलेल्यांसाठी नाही करू शकत. दोन वाजता शोकसभा. तीन वाजता गाडी खाणीकडे निघेल."

माणसं एकेक करून दालनाबाहेर पडली.

घरी आल्यावर आईने बाबांचे कपडे पलंगावर मांडले. नव्या लोणारमध्ये कापड पृथ्वीवरून येतं. म्हणून माणूस गेला की त्याचे कपडे त्याच दिवशी भांडारात जमा करायची रीत आहे. तिथून ते दुसऱ्याच्या अंगावर जातात. आई एकेका सदऱ्याची घडी घालत होती, आणि घातलेली घडी पुन्हा मोडत होती.

"आई, थोडं थांब ना," शलाका म्हणाली.

"थांबून काय होणार आहे गं? नऊ दिवस थांबलेच की." आईने बाही सरळ केली. "तुझ्या बाबांना लिहायचा कंटाळा होता, मान्य. पण जिवंतपणी एक अक्षर कळवणार नाहीत, इतके काही ते आळशी नव्हते."

शलाका पांघरूण डोक्यावर घेऊन पडली. रडू यावं म्हणून वाट पाहिली, तर तेही येईना. अशा वेळी ती गेले नऊ दिवस एकच गोष्ट करत आली होती. तीच तिने आताही केली. पाटी (पुस्तकाएवढा हातात धरायचा पडदा) पांघरुणात ओढली आणि कुमुदआत्याचे पाठ उघडले.

कुमुदआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गावाचं सगळं नेटवर्क तिने बांधलं होतं. आणि आपल्याकडे बाळाच्या बारशात नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणून ती सगळ्या यंत्रांचीही आत्या झाली होती. नवं यंत्र आलं की गाव जमायचं. कुमुदआत्या तारांच्या खोक्याचा पाळणा करायची, यंत्र त्यात ठेवायची, त्याच्या कानात (म्हणजे जिथे तार खुपसतात तिथे) त्याचा नंबर सांगायची आणि "कुर्रर्र" करायची. मग सुंठवडा. कुठला नंबर कुणाला दिला ते सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. वहीत लिहून ठेव असं कुणी म्हटलं, की ती विचारायची, "आई आपल्या पोरांची नावं वहीत लिहून ठेवते का?"

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. डोक्यातली वही तिच्याबरोबर गेली.

तिच्या खोलीतलं तिचं स्वतःचं यंत्र बंद करून खोलीला कुलूप घातलं. पुढे वादळात उत्तर ठाण्याचं यंत्र जळालं, तेव्हा बाबांच्या तुकडीबरोबर नवं यंत्र पाठवायचं ठरलं. त्याचं बारसं गोरखकाकांनी केलं. आजीचं नाव नातीला ठेवतात ना, तसा कुमुदआत्याच्या यंत्राचा नंबर, सत्तावीस, त्या नव्या यंत्राला दिला. "नाव पुढे चाललं पाहिजे," असं काका म्हणाले आणि सगळ्यांचे डोळे भरून आले. टिपणीसबाईंनीही पदर डोळ्यांना लावला होता.

बाबा ठाण्यावर पोचले. पहिले काही दिवस रोज बोलणं होत होतं. मग एका दुपारी शलाकाला करमेना. तिने कुलपाची किल्ली आईच्या डब्यातून काढली, आत्याच्या खोलीत गेली आणि यंत्राची कळ दाबली. आत पंखा घरघरला. त्या यंत्रात आत्याने मुलांसाठी केलेले नेटवर्कचे बारा पाठ होते, व्हिडिओ. एके काळी ते गावात कुठेही, कुठल्याही पाटीवर दिसायचे. शलाकाने ते परत सुरू केले आणि कुणाला सांगितलं नाही. बंद म्हणून नोंदलेलं यंत्र चालू करणं म्हणजे गावाची वीज चोरणं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. नंतर ठाणं मुकं झालं तेव्हा ती त्या पाठांना आणखीनच चिकटली. बिघाड कुठे आहे ते आपल्याला सापडेल, अशी वेडी आशा. सात पाठ झाले तरी काही सापडलं नव्हतं.

समजलं मात्र बरंच होतं. पहिल्या पाठात आत्या म्हणाली होती, "आख्खा फणस खिडकीतून जात नाही. मग आपण काय करतो? गरे काढतो आणि एकेक गरा देतो. निरोपाचंही तसंच. त्याची पॅकेटं (माहितीची छोटी पुडकी) करतात. प्रत्येक पुडक्यावर कुणाकडून, कुणाला आणि कितवं, हे लिहितात. पलीकडे ती क्रमाने जोडली की निरोप आख्खा." शलाकाने जन्मात फणस पाहिला नव्हता, तरी तिला ते पटलं.

पाचवा पाठ राउटरचा होता. राउटर म्हणजे पुडकी योग्य वाटेला लावणारं यंत्र. "हा आमचा राउटर बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून ओरडतो, 'सत्तावीस नंबर कोण रे?' ज्याचा नंबर असतो तो म्हणतो, 'मी!' मग राउटर वहीत लिहून घेतो, की सत्तावीस अमक्या तारेवर. वीस मिनिटांनी ती नोंद पुसतो आणि पुन्हा विचारतो. मधल्या काळात घर बदललं असेल तर?"

सातव्यात होतं, की दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी तीन वाक्यं बोलतात. "ऐकतेस का?" "ऐकते, तू ऐकतोस का?" "ऐकतो." ही तीन पुरी झाल्याशिवाय पुढचा एक शब्द जात नाही.

पांघरुणाखाली आता आठवा पाठ सुरू झाला. आत्या पडद्यावर आली. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात चहाचा पेला.

"आज पिंग," आत्या म्हणाली. "हाक मारली, ओ आली, की आपल्या गोरखसारखी माणसं लगेच खूश होतात. तुम्ही होऊ नका. ओ किती वेळात आली ते बघा. निरोप रेडिओलहरींवरून जातो, आणि रेडिओलहरी म्हणजे प्रकाशाचीच न दिसणारी भावंडं. प्रकाशाइतक्याच वेगाने पळतात, त्याहून तसूभरही जास्त नाही. एका मिलिसेकंदात (सेकंदाच्या हजाराव्या भागात) तीनशे किलोमीटर. म्हणून दूरच्या यंत्राचं उत्तर उशिराच यायला हवं. उशिरा आलेलं उत्तर म्हणजे खोटं उत्तर नव्हे. फार लवकर आलं, तर मात्र संशय घ्या."

शलाका ताडकन उठून बसली. सकाळची ओळ तिच्या डोळ्यांपुढे आली. ०.३ मिलिसेकंद.

एका मिलिसेकंदात तीनशे किलोमीटर. ०.३ मध्ये नव्वद. तेही जाऊन येऊन नव्वद, म्हणजे एका बाजूने फक्त पंचेचाळीस. ठाणं तर सहाशे किलोमीटरवर! हाक तिथे पोचायलाच दोन मिलिसेकंद, परत यायला दोन, आणि बारा मनोऱ्यांवरचा खोळंबा वेगळा. तिने पाटीवर तीनदा गुणाकार केला. तिन्ही वेळा तेच आलं.

सकाळी उत्तर दिलं ते यंत्र उत्तर ठाण्याचं नव्हतंच.

ती धावत संपर्काच्या खोलीत गेली. गोरखकाका एकटेच बसले होते. शोकसभेत वाचायची चार नावं ते कागदावर उतरवत होते.

"काका, आधी उत्तर किती वेळात यायचं? ठाणं बोलत होतं तेव्हा?"

"काय की. चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास." काकांनी मान वर केली नाही. "आता म्हटलं, लाईन सुधारली."

"अहो काका, सुधारेल कशी? प्रकाशाच्या पुढे कोण पळणार?" तिने पाटी त्यांच्या कागदावरच ठेवली. काकांनी गणित वाचलं. मग बोटांवर मोजत स्वतः केलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"पंचेचाळीस किलोमीटरच्या आत..." ते पुटपुटले. "इथे आपल्याशिवाय आहे कोण? म्हणजे आपल्याच गावात कुणीतरी सत्तावीस म्हणून ओ देतंय. पण सत्तावीस होतं कुमुदताईंचं, आणि ते तर बंद केलं आपण!"

शलाकाने दाराकडे पाहिलं.

क्षणभर तिच्या मनात आलं, गुपचूप जावं, तार उपटावी, कुणाला कळणारही नाही. काका खोल्या शोधत बसतील, आपोआप सगळं सुरळीत होईल. पण घड्याळात पावणेदोन झाले होते, आणि वीस मिनिटांची ती नोंद पुसली जायची होती. लपवाछपवीला वेळच नव्हता.

"मी चालू केलं," ती म्हणाली. "आत्याचे पाठ बघायला. नऊ दिवस झाले."

नऊ दिवस. तिने स्वतःच्या तोंडाने तो आकडा उच्चारला आणि तिला कळलं, की ज्या दुपारी तिने कळ दाबली त्याच दुपारी बाबा गप्प झाले होते. बाबांच्या तोंडावर हात ठेवणारी दुसरी तिसरी कुणी नव्हती. ती स्वतः होती. इतका वेळ न आलेलं रडू आता असं आलं, की तिला श्वास घेता येईना.

काका रागावले नाहीत. त्यांना तेवढी उसंतच नव्हती. ते तिचा हात धरून बोगद्यातून धावत सुटले.

काय झालं होतं, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. राउटर विचारायचा, "सत्तावीस कोण?" आत्याचं यंत्र भिंतीपलीकडेच, ते चटकन म्हणायचं, "मी!" ठाण्यावरच्या यंत्राचं "मी" सहाशे किलोमीटरवरून येईपर्यंत वहीत नाव लिहून झालेलं असायचं. मग ठाण्यासाठी लिहिलेला प्रत्येक निरोप कुमुदआत्याच्या बंद खोलीत जायचा. ठाणं तिकडून विचारायचं, "ऐकता का?" तो प्रश्न गावाला पोचायचा. गाव म्हणायचं, "ऐकतो!" पण ते "ऐकतो" जायचं आत्याच्या यंत्राकडे. ते म्हणायचं, मी तर कुणाला काही विचारलंच नाही, आणि पुडकं टाकून द्यायचं. तीन वाक्यांतलं दुसरंच वाक्य हरवत होतं. हल्लीची शहाणी यंत्रं एकाच नंबराची दोन दिसली की बोंब मारतात. आत्याचं यंत्र जुनं होतं.

काकांनी तार उपटली. पंखा फिरत राहिला, पण यंत्र आता जाळ्याबाहेर पडलं होतं.

ते परत आले तेव्हा सभेची माणसं जमायला लागली होती. काकांनी टाकीच्या दालनातच सगळ्यांसमोर पिंग केलं. पडद्यावर लाल दिवा लागला. *उत्तर नाही.*

"हे काय?" टिपणीसबाई म्हणाल्या. "निदान यंत्र तरी उत्तर देत होतं."

काकांनी पुन्हा कळ दाबली. *उत्तर नाही.* तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दालनात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हुंदका दिला. काका कळीवरून नजर काढेनात, म्हणून शलाकानेच सगळं सांगायचा प्रयत्न केला: प्रकाशाचा वेग, पंचेचाळीस किलोमीटर, दोन सत्तावीस. पण मध्येच रडणाऱ्या मुलीचं गणित कोण ऐकणार? शेजारच्या बाईंनी तिला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं. तिला ते मुळीच नको होतं.

"वीस मिनिटं थांबा," ती ओरडली. "राउटरच्या वहीत अजून जुनी नोंद आहे. ती पुसली जाऊ दे. मग तो पुन्हा विचारील!"

टिपणीसबाईंनी घड्याळ पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं.

"थांबू या," आई म्हणाली. "एवढे थांबलो."

ती वीस मिनिटं कशी गेली ते सांगणं माझ्या आवाक्यातलं नाही. शलाकाच्या मनात दर मिनिटाला एकच विचार येत होता. दुसरा सत्तावीस आता काढला, पण पहिला तरी उरलाय का? यंत्राची चूक सापडली म्हणून माणसं जिवंत होतात असं थोडंच आहे! नऊ दिवसांत तिथे खरोखरच काही झालं असेल, आणि त्यांनी मदत मागितली असेल, तर?

अकरा मिनिटं. लाल. पंधरा. लाल. एकोणीस. लाल. खाणीच्या गाडीचा चालक दारात येऊन उभा राहिला. वीस मिनिटं झाली. काकांनी कळ दाबली. लाल.

"पुरे आता," टिपणीसबाई हलक्या आवाजात म्हणाल्या आणि नावांचा कागद घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

काकांनी कागद दिला नाही. त्यांनी आणखी एकदा कळ दाबली.

*यंत्र क्रमांक २७, उत्तर ठाणं. उत्तर मिळालं. ४३ मिलिसेकंद.*

"उशिरा आलं," शलाका म्हणाली. "उशिरा आलं!" इतक्या आनंदाने हे शब्द आजवर कुणी उच्चारले नसतील.

ठाण्यावरचं यंत्र दर मिनिटाला "ऐकता का?" विचारतच होतं. या वेळी त्याला "ऐकतो" मिळालं. तीन वाक्यं पुरी झाली आणि नऊ दिवसांचे तुंबलेले निरोप पडद्यावर धडाधड उतरू लागले. गोरखकाका एकेक मोठ्याने वाचत होते.

*तुमचं उत्तर नाही. सगळं ठीक ना?*

*तुमच्याकडे वादळ आलं का?*

*पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलंय. सुटा भाग पाठवा.*

*कुणी आहे का?*

*कुणीतरी एक शब्द लिहा.*

आणि कालचा: *गावात कुणी उरलं नाही असं धरून आज आम्ही शोकसभा घेतली. बासष्ट नावं वाचली. मला शलाका आणि शरयू ही दोन वाचता आली नाहीत. ती दुसऱ्याने वाचली. प्रसन्न.*

टिपणीसबाई कोपऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग वळून त्या चालकाला म्हणाल्या, "गाडी उत्तरेला न्या. आत्ता. सुटा भाग घ्या. आणि गावात सगळ्यांचं पाणी आजपासून निम्मं. माझं आधी."

आई गाठोड्यावर बसून राहिली होती. काकांनी खुर्ची शलाकाकडे सरकवली. "लिही तू."

तिला लिहायचं होतं, *आम्ही सगळे आहोत. गाडी निघतेय.* तिने ते लिहिलं. मग हात थांबला. नऊ दिवस चार माणसं तहान मारत एका मेलेल्या गावाला हाका मारत होती, ती तिच्यामुळे. हे बाबांना दुसऱ्या कुणी सांगण्याआधी तिला सांगायचं होतं.

*बाबा, आत्याचं यंत्र मी चालू केलं होतं. चोरून. दोघांचा नंबर एकच झाला. चूक माझी आहे.*

तिने कळ दाबली. निरोपाला तिथे पोचायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागला नसेल. उत्तर यायला चार मिनिटं लागली. या चार मिनिटांचा हिशेब कुठल्याही पाठात नव्हता.

*शलाका,* बाबांनी लिहिलं होतं, *तुझी चूक आहेच. वीज चोरलीस त्याचं आल्यावर बघू. पण जुनं यंत्र जाळ्यातून काढलंय का हे न बघता त्याचा नंबर नव्याला दिला, ती चूक आम्हा मोठ्यांची. बारशाला मीही होतो. सुंठवडा खाल्ला आणि विसरलो. आजपासून नंबरांची वही तू लिहायचीस. पहिलं पान आत्ताच सुरू कर. आता नीट वाच. आम्ही चौघे आहोत. पुरवून पुरवून पाणी नऊ दिवसांचं आहे. गाडीला सहा लागतात. वजाबाकी येते ना?*

शलाकाला वजाबाकी येत होती. तरी तिने ती पाटीवर लिहून केली, नऊ वजा सहा, आणि उत्तर सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.